एका खिशाचा भ्रम

जागा सरकारची, महापालिकाही सरकारचीच. मग या खिशातून काढून त्या खिशात टाकायला एवढे कागद कशाला काळे करायचे? हा सवाल जळगावात आणि धुळ्यात इतक्या सहज विचारला जातो, की त्याला उत्तर असू शकते हेही कोणाच्या मनात येत नाही. नगरसेवक सभागृहात विचारतो, व्यापारी दुकानाच्या पायरीवर बसून विचारतो, निवृत्त मास्तर वर्तमानपत्राला पत्र लिहून विचारतात. शहरात मोकळी सरकारी जागा दिसली, की बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आधी एक व्यापारी संकुल उभे राहते आणि पाठोपाठ जिल्हाधिकारी कचेरीच्या नावाने बोटे मोडणे सुरू होते.

माझे म्हणणे याच्या उलट आहे. राज्य सरकार आणि महापालिका हे एकाच सदऱ्याचे दोन खिसे नाहीत. जमिनीचा मालक एक आणि ती वापरणारा दुसरा, ही ज्याला आपण अडचण म्हणतो ती व्यवस्था खानदेशातल्या सार्वजनिक जमिनीवरचे बहुधा शेवटचे कुलूप आहे. किल्ली गंजली आहे, हे कबूल. पण किल्ली गंजली म्हणून कोणी कुलूप तोडून दार सताड उघडे टाकत नाही. दुसरे असे, की आपल्या शहरांना जमिनीची टंचाई वाटते तेवढी नाही. टंचाई आहे ती जमिनीच्या हिशेबाची. हिशेब नसलेल्या घरात आणखी जमीन आणून टाकली, तर ती जुन्या जमिनीच्याच वाटेने जाते.

## १. हद्द, ताबा आणि मालकी

बोलताना आपण ‘जागा महापालिकेत आली’ असे म्हणतो. या तीन शब्दांत तीन वेगळे अर्थ कोंबलेले असतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

हद्द ही कारभाराची रेघ आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ३ खाली राज्य सरकार अधिसूचना काढते आणि रेघ सरकते. रेघेच्या आत कचरा कोणी उचलायचा, दिवे कोणी लावायचे, घरपट्टी कोणी घ्यायची, बांधकामाचा नकाशा कोणी मंजूर करायचा, एवढेच त्यातून ठरते. ताबा म्हणजे प्रत्यक्ष जागेवर कोण बसले आहे. तो पंचनाम्याने मिळतो, करारानेही मिळतो. आपल्याकडे रातोरात ठोकलेल्या चार पत्र्यांनीही मिळतो. मालकी ही तिसरी गोष्ट, आणि तिचा जन्म या दोन्हींतून होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम २० सांगते, की जी जमीन दुसऱ्या कोणाच्या मालकीची नाही ती राज्य सरकारची. सार्वजनिक रस्ते, पायवाटा, नद्यांची पात्रे, नाले, तलाव, सगळे त्यात आले. धुळ्यातली पांझरा शहराच्या मधून वाहते. म्हणून तिचे पात्र महापालिकेचे झाले असे होत नाही.

रेल्वेचे उदाहरण घ्या. जळगाव स्थानक आणि त्याभोवतीची रेल्वेची जमीन कित्येक पिढ्या शहराच्या हद्दीत आहे. तिच्यावर मालकी सांगायचे कोणत्याही नगराध्यक्षाला किंवा महापौराला सुचले नाही. उलट घटनेच्या अनुच्छेद २८५ मुळे केंद्राच्या मिळकतीवर मालमत्ता कर लावतानाही स्थानिक संस्थेचे हात बांधलेले असतात. सेवाशुल्कावर भागवून घ्यावे लागते. केंद्राच्या बाबतीत ज्याला हे सहज पटते, तोच माणूस राज्याच्या जमिनीपाशी आला की ‘आपलंच तर आहे’ म्हणू लागतो.

### धुळ्याची अकरा गावे

जानेवारी २०१८ मध्ये धुळ्याची हद्दवाढ झाली. वलवाडी, भोकर, महिंदळे, नकाणे, मोराणे, अवधान, चितोड, नगाव, बाळापूर, वरखेडी, पिंप्री अशी आजूबाजूची गावे महापालिकेत आली आणि शहराचा पसारा जवळजवळ दुप्पट झाला. गावकऱ्यांचा विरोध होता. सगळी चर्चा घरपट्टी किती वाढणार, नळाला पाणी कधी येणार, सरपंचपद गेल्याने कोणाचे काय बुडाले, याभोवती फिरली. या गावांच्या शिवारांतली गायराने, गावठाणाबाहेरचे पडीक तुकडे, नाल्याकाठच्या पट्ट्या यांचे काय होणार, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. गृहीत धरले गेले, की ग्रामपंचायत गेली म्हणजे तिच्याबरोबर हे सगळेही महापालिकेकडे गेले.

ग्रामपंचायतीकडे होते काय, ते आधी पाहू. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे सरकार गावातल्या मोकळ्या जागा, चराऊ राने, रस्ते पंचायतीकडे ‘निहित’ करू शकते. निहित म्हणजे बहाल नव्हे. राखायला, वापरायला दिलेली वस्तू. पंचायतीच्या जागी महापालिका आली, तर तिला फार तर पंचायतीचा राखणदारीचा हक्क मिळेल. आडात नाही ते पोहऱ्यात येत नसते.

### उतारा काय सांगतो

हे कायद्याच्या पुस्तकात शोधायचीही गरज नाही. हद्दवाढीत आलेल्या कोणत्याही गावातल्या गायरानाचा सातबारा काढावा. वरती गावाचे नाव तेच, तालुका धुळे, जिल्हा धुळे. शहर बदलले तरी महसुली गाव मरत नाही. तलाठी आणि त्याचे दप्तर राहतेच. भोगवटादाराच्या रकान्यात ‘सरकार’ किंवा ‘महाराष्ट्र शासन’. इतर अधिकारात ‘गुरचरण’. पिकांचा भाग कोरा, किंवा ‘पडीक’. तलाठ्याच्या कपाटात याच जमिनीची आणखी दोन ठिकाणी नोंद सापडते: गाव नमुना १-ब, म्हणजे बिनभोगवट्याच्या सरकारी जमिनींची नोंदवही, आणि गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही. पहिल्या वहीतले किती गट दुसऱ्या वहीतही उतरले आहेत, हे बोट ठेवून पाहिले की त्या गावाचा पंचवीस वर्षांचा राजकीय इतिहास वेगळा लिहायला नको.

महसूल संहितेच्या कलम २२ खाली जिल्हाधिकारी चराईसाठी, सार्वजनिक कामासाठी जमीन राखून ठेवतो. पुढे घातलेल्या कलम २२-अ ने गायरान दुसरीकडे वळवायला सरसकट मनाई केली. योग्य अशी दुसरी सरकारी जमीन मिळत नसेल, तरच सार्वजनिक प्रकल्पासाठी अपवाद. त्याआधी, २८ जानेवारी २०११ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनी बळकावणाऱ्यांना हटवण्याच्या योजना आखण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले होते. गाव शहरात आले म्हणून हे सगळे गळून पडते, असा अर्थ त्यातून निघत नाही.

### लुईव्हिलचा कारखाना

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच पडला असेही नाही. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहराने नौदलाचा शस्त्रास्त्र कारखाना आपल्या हद्दीत ओढला. जमीन केंद्र सरकारची. कामगार म्हणाले, ही केंद्राची जागा आहे, शहराची हद्द इथे लागूच होत नाही, आमच्याकडून कर मागू नका. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५३ मध्ये निकाल लागला, की शहराने हद्द वाढवायला हरकत नाही. त्यामुळे केंद्राच्या अधिकाराला धक्का लागत नाही. आणि कामगारांकडून कर घेण्याची मुभा केंद्रीय कायद्यानेच शहराला दिलेली आहे. शहराला कर मिळाला, जमीन नाही. हद्द सरकली, मालकी जागच्या जागी राहिली, म्हणून हा निकाल मला आवडतो.

## २. शहर सरकारी जमिनीवरच वसते. पण कसे?

कोणी म्हणेल, सरकारी जमीन शहराला न देता शहर वाढणार कसे? खरे आहे. खुद्द धुळे शहर सरकारी जमिनीवर वाढले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१९ मध्ये जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. तेव्हा गावात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. ब्रिग्जने बाहेरून व्यापारी-कारागीर बोलावले, त्यांना घरासाठी जागा दिल्या आणि वर बांधकामाला पैसेही आगाऊ दिले. १८७२ पर्यंत वस्ती साडेबारा हजारांच्या घरात गेली. धुळ्याच्या सरळ, आखीव गल्ल्या आजही नुसत्या नंबराने ओळखल्या जातात. (या आखणीचे श्रेय विश्वेश्वरय्यांना द्यायची धुळेकरांना सवय आहे. विश्वेश्वरय्या सरकारी नोकरीत शिरले १८८४ मध्ये. नवे धुळे तोवर साठीच्या पुढे गेले होते. त्यांचे या भागातले काम पाण्याचे, आणि ते पुरेसे मोठे आहे.)

ब्रिग्जच्या धोरणात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. जमीन कशासाठी द्यायची हे देण्याआधी ठरले होते: पेठ वसवायची होती. आणि देणारा व घेणारा वेगळे होते. सगळे गावठाण एखाद्या पंचमंडळाच्या नावावर करून ‘आता तुम्ही बघा’ असे त्याने म्हटले नाही. धुळ्याची नगरपालिका १८६२ ची, जळगावची १८६४ ची. म्हणजे धुळ्यात नगरपालिका यायच्या चार दशके आधी जमीन देण्याची रीत बसली होती, आणि ती रीत हेतू पाहून देण्याची होती.

आजचा कायदाही शब्द बदलून तेच सांगतो. संहितेतली जमीन-वाटपाची कलमे आणि १९७१ चे सरकारी जमीन विल्हेवाट नियम यांत स्थानिक संस्थेला जमीन देण्याची वाट आहे. दवाखान्याला, शाळेला, जलकुंभाला, स्मशानाला जमीन मिळू शकते. अट असते: ज्या कामासाठी दिली त्याच कामासाठी, ठरल्या मुदतीत, आणि परवानगीवाचून पुढे दुसऱ्याला नाही. अट मोडली तर तो ‘शर्तभंग’. सरकार जागा परत घेऊ शकते. महापालिकांच्या आवारात हा शब्द उच्चारला की तोंडे आंबट होतात. मला तो मराठी प्रशासकीय भाषेतला फार उपयोगी शब्द वाटतो.

## ३. जळगावचे हिशेब

### दहा वर्षांचे विमानतळ

जळगावच्या विमानतळाची गोष्ट आज निम्म्या शहराला ठाऊक नसेल. धावपट्टी सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७३ मध्ये बांधली. जागा शहराबाहेर, कुसुंबे-नशिराबादच्या बाजूला. एप्रिल १९९७ मध्ये जळगाव नगरपालिकेने राज्य सरकारकडून विमानतळाचा कारभार आपल्याकडे घेतला. शहराच्या नळांना रोज पाणी देण्याची मारामार असलेल्या नगरपालिकेने विमाने उतरवायची जबाबदारी घेतली, याचे तेव्हा कौतुकच झाले. ‘जळगाव पॅटर्न’ वगैरे. एप्रिल २००७ मध्ये, तोपर्यंत महापालिका झालेल्या त्याच संस्थेने ते महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीच्या हवाली केले. पुढे भारतीय विमानतळ प्राधिकरण आले, पैसा आला, आणि मार्च २०१२ मध्ये नवी इमारत उभी राहिली.

या दहा वर्षांत काय झाले नाही, ते पाहा. जागा कायमची गेली नाही. ती परत येऊ शकली, कारण मालक महापालिका नव्हती. १९९७ मध्ये सरकारने केवळ कारभार न देता जमीनच नगरपालिकेच्या नावावर चढवून दिली असती, तर पुढच्या कर्जबाजारी वर्षांत त्या माळरानाचे किती भूखंड पडले असते, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

### कर्ज, घरकुले आणि गाळे

ती वर्षे कर्जबाजारी होती, हे मी चवीने म्हणत नाही. १९८९ ते २००१ या काळात जळगाव नगरपालिकेने वेगवेगळ्या योजनांसाठी हुडकोकडून सुमारे १४१ कोटी रुपये उचलले. ते फिटेनात, प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात गेले, मनपाची बँक खाती गोठली आणि २०१९ मध्ये राज्य सरकारने मध्ये पडून एकरकमी तडजोड केली तेव्हा कुठे सुटका झाली. सतरा मजली प्रशासकीय इमारत असलेल्या शहरात पगार थकायचे.

घरकुल योजना याच काळातली. अकरा हजारांवर घरे बांधायचा बेत, ठेकेदाराला आगाऊ गेलेली रक्कम २९ कोटींच्या घरात, आणि उभी राहिलेली घरे त्या बेताच्या मानाने थोडकीच. २००६ मध्ये तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवले; शिक्षेविरुद्ध अपिले झाली. निकाल लागला धुळ्यात, हा योगायोग. मला महत्त्वाचे वाटते ते फिर्याद कोणी दिली हे. आयुक्त राज्य सरकारने पाठवलेला अधिकारी असतो. सभागृहाला जे दिसत नव्हते, किंवा दिसून बोलायचे नव्हते, ते बाहेरून आलेल्या डोळ्याने कागदावर आणले.

मग गाळे. जळगाव महापालिकेच्या अनेक व्यापारी संकुलांत मिळून दोन हजारांवर गाळे आहेत. त्यांतल्या बहुतेकांच्या भाडेकराराची मुदत २०१२ मध्ये संपली. त्यानंतर जे झाले ते जळगावकरांना पाठ आहे: ठराव, स्थगिती, नोटिसा, उच्च न्यायालय, उपोषणे, पुन्हा ठराव. थकबाकीच्या आकड्यांवरून दोन्ही बाजूंनी पत्रके निघाली. फुले मार्केटच्या बाबतीत तर जमीन महसूल खात्याची की महापालिकेची, हाही वाद त्यात मिसळला. बाजारपेठेच्या ऐन मध्यावर, जिथे वीतभर जागेला भाव आहे, तिथली मिळकत वर्षानुवर्षे कराराविना चालते. एका बाजूला गाळेधारक म्हणतो, आम्ही पागडी मोजून आलो, आमच्या पोरांचे काय? त्याचेही खोटे नाही. दुसऱ्या बाजूला शहराच्या तिजोरीत जे यायला हवे होते ते आले नाही. ज्या संस्थेला हातातल्या दोन हजार गाळ्यांचे भाडे ठरवता येत नाही, तिला आणखी शंभर एकर दिले म्हणजे ती श्रीमंत होईल, हे गणित कोणत्या शाळेत शिकवतात?

## ४. कुलूप म्हणजे काय

आता मूळ मुद्दा. दोन वेगळ्या संस्थांचे हात एका जमिनीवर असले, की प्रत्येक व्यवहाराला दोन सह्या लागतात. सभागृहाचा ठराव आणि जिल्हाधिकाऱ्याचा किंवा मंत्रालयाचा आदेश. दोघांना एकाच वेळी, एकाच माणसाने खिशात घालणे अशक्य नाही. पण महाग पडते. भ्रष्टाचार थांबवणारी व्यवस्था मी अजून पाहिलेली नाही. त्याचा खर्च वाढवणारी व्यवस्था मात्र पाहिली आहे, आणि ती हीच.

शिवाय वेळ. राज्याच्या नावावर पडून असलेली जमीन आपल्याला वाया गेलेली वाटते. पण ‘पडून’ राहिलेल्या जमिनीवरच पुढच्या पिढीची गरज भागते. जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झाले. त्याच्या कायमच्या संकुलासाठी शहराजवळ चिंचोलीच्या शिवारात जागा मिळू शकली, कारण ती आधी कोणी वाटून टाकली नव्हती. नव्वदच्या दशकातल्या कोणत्याही नगरपालिकेने त्या तुकड्याचे काय केले असते, याचे उत्तर गाळ्यांच्या गोष्टीत आहे.

## आक्षेप

### ‘फाइल हलत नाही’

हा सर्वांत खरा आक्षेप. सांडपाण्याच्या प्रकल्पाला दोन एकर जागा हवी असते आणि प्रस्ताव तलाठ्याकडून तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, मंत्रालय असा फिरत राहतो. मध्ये अधिकारी बदलतो, नवा म्हणतो ‘फेरप्रस्ताव सादर करा’. तोवर अनुदानाची मुदत जाते. यावर उपाय हवाच. पण उशीर हा निर्णयाचा दोष आहे, मालकीचा नाही. जिल्हाधिकाऱ्याने ठरावीक दिवसांत होय किंवा नाही, आणि नाही असेल तर कारणासह सांगावे, असे बंधन घालता येते. रेल्वेचे फाटक उशिरा उघडते म्हणून रूळ उखडून टाका, असे कोणी म्हणत नाही. जळगावकरांना तर फाटकाचा अनुभव पुरेसा आहे.

### ‘लोकांनी निवडलेले नगरसेवक की नोकरशाही?’

हा आक्षेप ऐकायला भारदस्त. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना स्वायत्तता दिली, मग जमिनीचा निर्णय कलेक्टरने का घ्यावा? त्या दुरुस्तीने घातलेली बारावी अनुसूची वाचली की उत्तर सापडते. नागरी संस्थांकडे द्यायच्या अठरा विषयांत जमीनवापराचे नियमन आहे. जमिनीची मालकी नाही. कोणत्या तुकड्यावर शाळा हवी, कुठे बाग, कुठे रस्ता, हे शहराने ठरवावे, विकास आराखड्यात आरक्षण टाकून ठरवावे, आणि ते राज्यालाही बांधील असावे. इतकी स्वायत्तता मला मनापासून हवी आहे. पण सरकारी जमीन फक्त त्या शहराच्या आजच्या मतदारांची नसते. ती उद्या शहरात येणाऱ्यांची आहे, आणि कलम २० मुळे चोपडा-शिरपूरच्या माणसाचीही आहे. पाच वर्षांसाठी निवडून आलेल्यांना पाच वर्षांच्या कामांचे अधिकार हवेत. नव्वद वर्षांच्या पट्ट्याचे नकोत.

### ‘सरकार तरी कुठे सांभाळते?’

नाही सांभाळत. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे राज्य सरकारनेच मांडलेल्या माहितीप्रमाणे महाराष्ट्रातल्या गायरानांवर २ लाख २२ हजारांवर अतिक्रमणे होती आणि त्यांनी दहा हजार हेक्टरांहून अधिक जमीन व्यापली होती. हा आकडा माझ्याविरुद्ध जातो, हे मला दिसते. तरी त्याच आकड्यात दुसरी गोष्ट आहे: तो मोजता आला. कुठल्या तालुक्यात किती, हे सांगता आले, कारण गावोगावी तलाठ्याची वही आहे. आपल्या महापालिकांना आपल्या खुल्या जागा, मंजूर अभिन्यासातले मोकळे भूखंड, सामाजिक संस्थांना नाममात्र भाड्याने दिलेले हॉल यांची अशी यादी गट नंबर आणि क्षेत्रफळासह मागून बघा. कधी मत्ता विभागाकडे बोट, कधी नगररचनेकडे, कधी ‘जुने रेकॉर्ड जीर्ण झाले आहे’. वाईट राखणदार आणि वही नसलेला राखणदार, यांतून मी वाईट निवडतो.

### ‘मग गरिबांच्या घरांचे काय?’

इथे मला थांबून बोलले पाहिजे, कारण मालकीच्या तात्त्विक चर्चेत ज्याची झोपडी उभी आहे तो माणूस चिरडला जातो. सरकारी जागेवर राहणारे सगळे भूमाफिया नसतात. केळीच्या मळ्यात मजुरीला आलेले, पॉवरलूमवर राबणारे, दुष्काळात गाव सोडलेले लोक पत्र्याच्या आडोशाला राहतात आणि तिथेच त्यांच्या मुलांची लग्ने होतात. राज्याने १ जानेवारी २०११ पर्यंतची निवासी अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण घेतले ते अशांसाठी. पण पाहा, नियमित करणारा अधिकार राज्याच्या मालकीतून आला. राज्य मालक होते म्हणून त्याला एक तारीख ठरवून सर्वांना सारखा न्याय देता आला. हीच जमीन महापालिकेच्या नावावर असती, तर वॉर्डागणिक तारीख बदलली असती, आणि कोणाचे घर नियमित होणार हे मतदार यादीवरून ठरले असते. गरिबाला नियम हवा असतो. मेहेरबानी त्याने भरपूर पाहिली आहे.

## प्रशासकांच्या काळातली एक अडचण

माझ्या युक्तिवादात एक भोक आहे आणि ते मीच दाखवतो. कुलूप आणि किल्ली दोन वेगळ्या हातांत असली तरच त्यांना अर्थ. जळगाव आणि धुळे, दोन्ही महापालिकांच्या सभागृहांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. आयुक्त राज्याचा, जिल्हाधिकारी राज्याचा. मागणारा आणि देणारा एकाच मंत्रालयाकडे पाहणारे. अशा काळात जमिनीच्या हस्तांतराला ना सभागृहाची गोंगाटी चर्चा, ना विरोधी पक्षनेत्याचे पत्रक. त्या काळापुरता ‘एकाच खिशाचा’ तो भ्रम खरा ठरतो, आणि म्हणूनच धोक्याचा ठरतो. माझे मत असे, की प्रशासकाच्या काळात कोणत्याही सरकारी जमिनीचे महापालिकेच्या नावे कायम हस्तांतर करू नये. तातडीच्या कामाला ताबा द्यावा, तोही मुदतीने. बाकी पुढच्या सभागृहासाठी ठेवावे. वर्षभर थांबल्याने गायरान पळून जात नाही.

## आधी वह्या जुळवा

मागणी मोठी नाही. महापालिकेने सरकारकडे जमीन मागताना तीन कागद जोडावेत: सध्या तिच्या मालकीच्या व ताब्यातल्या सगळ्या जमिनींची यादी, त्यांतली जी जमीन मूळ कामासाठी वापरलेली नाही तिचे कारण, आणि मागितलेल्या जमिनीवर नेमके काय, किती दिवसांत उभे राहणार. सरकारने देताना ‘नगरपालिका प्रयोजनार्थ’ असा ढगळ शब्द वापरू नये. त्या ढगळ अंगरख्यात काहीही बसते. दवाखाना तर दवाखाना लिहावे.

आणि धुळ्याच्या हद्दवाढीतल्या अकरा गावांपासून सुरुवात करावी. एखादा सोमवार ठरवून वलवाडीचा १-ब आणि १-ई नमुना, भूमी अभिलेख कार्यालयातला शिवार नकाशा आणि महापालिकेची मत्ता नोंदवही एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवावी. तलाठी, भूकरमापक आणि मनपाचा अभियंता, तिघांनी गट नंबर मोठ्याने वाचावेत, चौथ्याने टिकमार्क करावी. जे गट तिन्ही ठिकाणी सारखे निघतील त्यांवर हिरवी खूण. जे एकातच आहेत त्यांच्या बांधावर त्याच दुपारी, ऊन असले तरी, टेप घेऊन जावे.